रमाबाईंची पत्रे वाचा, मग बोला



पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनी आपल्या वृत्तपत्राने छापलेल्या लेखावर रविवारी तीन वाचकांची पत्रे आली. तिघांचे म्हणणे एकच: बाई विद्वान होत्या, पण मिशनऱ्यांच्या आहारी गेल्या. मला याचा संताप आला. त्या बाईंची स्वतःची पत्रे यांपैकी एकाने जरी उघडली असती, तरी असे लिहायला हात धजला नसता.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, एवढे सर्वांना तोंडपाठ असते. पुढचे कोण सांगणार? तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डिनला त्या मायेने ‘आजीबाई’ म्हणत, तिच्याशीच त्या पानेच्या पाने भांडल्या आहेत. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असे काय अधिक आहे, असे त्यांनी सरळ विचारले. अंडे घातलेले पुडिंग खात नाहीत, हा जातीचा ताठा आहे, असा ठपका आला. त्यावर त्यांचा सवाल होता की, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी लिहिले की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने अशी हरकत कधी घेतली नाही. वडील म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवले म्हणून ज्यांना शास्त्री-पंडितांचा रोष पत्करावा लागला. ख्रिस्ती त्रैक्याचा सिद्धांत पटला नाही, तेव्हा मुलीलाही तो शिकवू द्यायला त्या तयार नव्हत्या. आपल्याकडच्या पुरोहितांचे जोखड महत्प्रयासाने झुगारले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असेही त्यांनी कळवून टाकले.

हे सारे लिहिताना त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या विधवा होत्या. पदरी तीन-चार वर्षांची मुलगी मनोरमा, देश परका आणि आसरा याच मठातल्या बायकांचा. आहारी गेलेली माणसे अन्नदात्याला असे लिहितात काय?

पुढे मायदेशी त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले; तिथे मुलींना बाटवतात, या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. इकडे बाटल्या म्हणून दोषी, तिकडे पुरत्या वाकत नाहीत म्हणून दोषी. ते वादळ उठवणाऱ्यांची बाजू घेणाऱ्यांनी इंग्लंडातली ही पत्रे शेजारी ठेवून पाहावीत.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात या पत्रांचा ग्रंथ आहे. तो इंग्रजीत आहे, पण १९७७ साली महाराष्ट्र शासनाच्याच साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेला आहे. मी तो मागितला तेव्हा ग्रंथपालांना शिडी लावावी लागली. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नव्हता. याच गावात ८ मार्चला, महिला दिनी, चौकात मोठा फलक लागतो, त्यावर डझनभर स्त्रियांचे फोटो असतात. त्यांत रमाबाई नसतात. गेल्या वर्षी मी आयोजकांना विचारले, तर ‘उगाच वाद नको’ हे उत्तर मिळाले. ज्यांच्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी बाया कर्वे झाली, त्यांच्या फोटोने कसला वाद होतो?

रमाबाईंचे आत्मकथन ‘माझी साक्ष’ तर मराठीत सहज मिळते, छोटेखानी आहे, दोन बैठकींत होते. निदान तेवढे तरी वाचावे. आणि पत्रांचा तो ग्रंथ मी परवाच वाचनालयात परत केला आहे. रविवारच्या तिन्ही पत्रलेखकांपैकी कोणीही जाऊन तो मागावा. आता तो खालच्या फळीवर आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा