विश्लेषण : इमॅजिकाचे मालक बदलले, पण पर्याय कमी झाले का?

'अॅडलॅब्स'चे मनमोहन शेट्टी यांनी २०१३मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू केले, तेव्हा देशी डिस्नेलँड म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी वॉटर पार्क आले, २०१५मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. तरीही कर्जाचा डोंगर हजार कोटींपुढे गेला. कारण साधे आहे. 'नायट्रो'सारखा रोलर कोस्टर अर्धा रिकामा धावला तरी वीज, देखभाल आणि व्याज पूर्णच लागते. गर्दी मात्र सुट्ट्यांपुरती. हप्ते आधीच थकले होते, त्यात करोनाची टाळेबंदी आली.

२०२२मध्ये बँकांनी तडजोड केली आणि बहुसंख्य भागभांडवल संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. 'गाय छाप' तंबाखूवाले हेच. शिर्डी आणि लोणावळ्याचे 'वेट अँड जॉय' वॉटर पार्कही त्यांचेच. म्हणजे धंदा माहीत असलेला मालक मिळाला, हे चांगलेच झाले. बंद पडलेले पार्क कुणाच्याच कामाचे नसते. स्थानिकांचा रोजगारही जातो.

पण घाटाच्या वर लोणावळा, खाली खोपोली, आणि दोन्हीकडे मालक एकच. मुंबई-पुण्याहून सहलीला निघालेल्या चौघांच्या कुटुंबासाठी तिकिटाचे दर उतरवणारी स्पर्धा इथे उरत नाही. नूतनीकरणाचेही तसेच. नवा रंग रीलमध्ये दिसतो. कोस्टरचे ब्रेक आणि पाणी गाळणारी यंत्रणा दिसत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या या कंपनीने देखभालीचा खर्च पार्कनिहाय जाहीर करावा, तिकीट काढणाऱ्यालाही सहज वाचता येईल असा.