विरलेले वादळ कोठे जाते?

वाचकहो, फराळाचे ताट खुशाल पुढे असू द्या; कान मात्र घटकाभर आमच्या आलापल्लीकडे द्या. बंगालचा उपसागर येथून साडेतीनशे किलोमीटरांपलीकडे. आमच्या पोरांनी भरती-ओहोटी पाहिली ती भूगोलाच्या पुस्तकातच. अशा सागाच्या रानातल्या माणसाने समुद्री वादळांवर का लिहावे? लिहावे, कारण वर्तमानपत्र जेथे वादळाला पूर्णविराम देते, तेथून आमचा पाऊस सुरू होतो!

'वादळ किनाऱ्यावर आदळले. आता ते दुबळे होऊन विरेल.' हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकले असेल! ते किनाऱ्यावर बसून रचलेले आहे. वादळ समुद्राच्या उबदार पाण्यावर पोसते. जमिनीवर आले की त्याची रसद तुटते आणि वारा मंदावतो, हे शास्त्र खरेच. पण त्याने वाटेत उचललेली वाफ काही त्याच क्षणी संपत नाही. वारा दमला तरी ढग भरलेलेच असतात.

अटलांटिकवरच्या वादळांत १९६९ चे 'कॅमिल' कुप्रसिद्ध आहे. १७ ऑगस्टच्या रात्री ते अमेरिकेच्या मिसिसिपी किनाऱ्यावर आदळले आणि तेथे त्याने हाहाकार माजवला. पुढे ते दुबळे झाले. लोकांनी सुस्कारा सोडला. दोन दिवसांनी, किनाऱ्यापासून हजार किलोमीटरांहून अधिक आत, व्हर्जिनियातील नेल्सन परगण्याच्या डोंगरांत त्याच 'दुबळ्या' वादळाने एका रात्रीत २५ इंचांहून अधिक पाऊस ओतला. दरडी कोसळल्या, झोपलेली कुटुंबे वाहून गेली. त्या एका परगण्यात शंभरावर माणसे मेली.

पण इतक्या दूर तरी कशाला जावे? ३१ ऑगस्ट २०२४ चा दिवस घ्या. उपसागरातले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्याकडे निघाले होते. त्याच दिवशी आमच्या सिरोंचापलीकडे, गोदावरीच्या दक्षिणेस, तेलंगणातील ताडवाई-मेडारमच्या जंगलात वाऱ्याने एका झपाट्यात सुमारे ५०,००० झाडे आडवी केली. ती वावटळ होती की ढगातून कोसळलेला वारा, यावर तज्ज्ञांचा खल झाला. पाठोपाठ ते क्षेत्र जमिनीवरून सरकत विदर्भ-तेलंगणाच्या सीमेवर आले. आठवडा उलटतो तोच दुसरे आले. ९ सप्टेंबरला पुरीजवळ किनारा ओलांडून ते छत्तीसगडाकडे वळले, आणि त्याच दिवसांत इकडे पर्लकोटेचे पाणी चढून भामरागडचा रस्ता तुटला.

या दोघांची नावे सांगा पाहू! सांगता यायची नाहीत. कारण वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरांच्या घरात गेल्याखेरीज वादळाचे बारसेच होत नाही. २०२० चे 'निसर्ग' सर्वांच्या ओठी आहे, आणि असावेही. श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने झोपवल्या. पण आम्हांला बुडवणाऱ्याला नाव नाही, म्हणून त्याची आठवणही नाही, हा कोणता न्याय?

वेधशाळा आम्हांला इशारे देत नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. देते. पण १४,४१२ चौरस किलोमीटरांच्या गडचिरोली जिल्ह्याला बहुधा एकच रंग! कुरखेड्याचा पाऊस निराळा, भामरागडचा निराळा. शिवाय आमच्या अंगणात ऊन पडलेले असते, तेव्हाही बस्तरचा पाऊस इंद्रावतीतून आमच्या दारी येतो. दिवस भरलेल्या बाईला रस्ता तुटण्यापूर्वी दवाखान्यात पोचवायचे असते. तिच्या घरच्यांनी 'लाल' नि 'नारिंगी' यांचे काय करावे? कोणती नदी, कोणता पूल, किती वाजता, हे त्यांना सांगा. आणि माडियात सांगा, गोंडीत सांगा, सिरोंचाकडे तेलुगूतही सांगा.

आणि तुम्हां वाचकांकडे एवढेच मागणे : पुढच्या खेपेस 'वादळ विरले' अशी बातमी आली, तर लगेच पान उलटू नका. ते कोणत्या रानावर विरले, हेही एकदा विचारा.