विंच घेताना पेटी पाहा

गेल्या पावसाळ्यात भाच्याची जीप कणकुंबीकडच्या ओढ्यात रुतली. आत माझी बहीण. ओढून काढणारी विंच ऐनवेळी मुकी! मोटार वॉटरप्रूफ होती. पाणी शिरलं स्विचच्या पेटीत. मेस्त्रीने पेटी उघडली नि म्हणाला, "नीर बंतु, सर!"

नवी घ्यायला भाच्याने मलाच दुकानात नेलं. (मराठीच्या मास्तराला यातलं काय कळणार!) पत्रकावर 'आयपी ६७' होतं. म्हणजे धूळ आत जात नाही, एक मीटर पाण्यात अर्धा तास निभावतं. मी विचारलं, हे मोटारीपुरतं की पेटीलाही? शिवाय ताकद भरल्या गाडीच्या दीडपट हवी. तीही लिहिलेली असते ड्रमवरच्या पहिल्या थराची, वरच्या थरांवर घटते.

पेटीबद्दल दुकानदार गप्प. आम्ही रिकाम्या हाती परतलो.