बीयूचं स्टेडियम कोण भरेल?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

रविवारी मंडळाच्या सभेत गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांवरून जे झालं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं. मी तेव्हा गप्प बसले. घरी आल्यावर नातू म्हणाला, "आजी, तू तर काही बोललीच नाहीस." खरं होतं ते. म्हणून आता लिहितेय. पण सुरुवात जरा लांबून करावी लागेल, थेट नेरूळहून.

माझी लेक नेरूळला असते. २०२५च्या जानेवारीत तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले नावाचा इंग्रजी बँड आला होता, १८, १९ आणि २१ तारखेला. तिकिटं काढायला एक कोटीहून जास्त लोक मोबाइल घेऊन बसले होते म्हणे. माझा नातू त्यासाठी भोपाळहून जाणार, आणि मी आपली लेकीकडे राहायला म्हणून त्याच्यासोबत गेलेली. ऐनवेळी जावयाला ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. त्याचं तिकीट वाया कसं घालवायचं? पडलं माझ्या गळ्यात. अडुसष्टावं वर्ष, गुडघ्याला पट्टा, कानात कापूस.

हे स्टेडियम विद्यापीठाच्या आवारात आहे. २००८ साली सुरू झालं, आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा. छत असं की मध्ये एकही खांब नाही, कुठेही बसा, समोरचं दिसतं. आयपीएलची पहिली फायनल इथलीच. जस्टिन बीबर २०१७ला येऊन गेला, यू-टू नावाचा बँड २०१९च्या डिसेंबरात. आपल्या पोरींनी २०२५च्या नोव्हेंबरात वर्ल्ड कप जिंकला तोही इथेच. म्हणजे मैदान क्रिकेटचं, जागा विद्यापीठाची आणि गर्दी गाण्याचीसुद्धा.

मला त्या बँडचं एक गाणं येत नव्हतं. आवाज छातीत धडधडत होता, शब्द कळत नव्हते. सगळ्यांच्या मनगटावर एकेक पट्टा दिलेला, तो गाण्याबरोबर लाल-निळा पेटायचा. पहिला अर्धा तास मी नुसती माणसं बघत होते. मग एका गाण्यात तो गायक थांबला आणि मायक्रोफोन लोकांकडे धरला. पुढचं कडवं लोकांनी म्हटलं, अख्खं. माझ्या शेजारची मुलगी डोळे मिटून म्हणत होती आणि रडत होती. मला काय आठवलं सांगू? आपली आरती. आरती कोणी ऐकायला येत नाही. सूर लागो न लागो, आपण ती म्हणतो. तीस माणसांतही म्हणतो आणि तीस हजारांतही म्हणू.

परत येताना पंजाब मेलमध्ये नातवाने प्रश्न टाकला. "आजी, असं स्टेडियम आपल्या बीयूच्या आवारात बांधलं तर ते कोण भरेल?" (नवीन मंडळींसाठी, बीयू म्हणजे आपलं बरकतउल्ला विद्यापीठ. १९७०ला निघालं तेव्हा नुसतं भोपाळ विद्यापीठ होतं.) त्याची यादी तयार होती. दिलजीत दोसांझ, अरिजीत सिंग. दिलजीत २०२४च्या ८ डिसेंबरला इंदूरला आला होता तेव्हा आपल्या कॉलनीतली किती पोरं गेली होती, आठवत असेल. बरोबरच आहे, हे दोघे भरतीलच, त्यात वाद नाही.

मी म्हटलं, "मराठीत सांग." तो गप्प. मग मीच म्हटलं, "अजय-अतुल."

तो हसला. त्याला वाटलं होतं, आजी भीमसेन म्हणेल नाहीतर कुमारजी. आणि मंडळी, इथेच आपल्यात मतभेद आहे.

कुमार गंधर्व आपल्या देवासचे. भारत भवन १९८२ला उघडलं, त्यानंतरच्या वर्षांत मी आणि हे तिथे जायचो, समोर मोठा तलाव. एकदा कुमारजींना मी अगदी जवळून ऐकलंय. आजारपणानंतर त्यांचा श्वास छोटा झाला होता, हे सगळ्यांना ठाऊक. दोन फेकींच्या मध्ये ते थांबायचे, आणि त्या थांबण्यातच अर्ध गाणं असायचं. आता ते थांबणं पन्नास हजार माणसांत ठेवून बघा. कोणीतरी शिट्टी मारेल.

भावनेचा भाग सोडा, साधा हिशेब करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १२० मीटरवर बसलेल्याला तबल्याचा बोल सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने उशिरा पोचतो. मध्यलयीच्या तीनतालात ती जवळजवळ पाऊण मात्रा झाली. म्हणून तर मोठ्या मैदानात मध्ये-मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. तरी बारीक काम पुसलंच जातं. मुरकी, मींड, तबल्याचं उठान, सगळं गुळगुळीत. टिकतो तो ढोलाचा ठोका आणि हजारो गळ्यांतून येणारी सोपी चाल. गाणारा मोठा की लहान, हा प्रश्नच येत नाही इथे.

आता कोणी म्हणेल, मग सवाई गंधर्व महोत्सव? पुण्यात रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर हजारो लोक रात्र-रात्र बसायचेच की. बसायचे, पण भीमसेनजींनी तो १९५३ साली गुरूंच्या आठवणीसाठी सुरू केला, आणि मांडवात येणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यातच वाढल्या. आजोबांच्या मांडीवर झोपलेलं पोर पुढे स्वतः तिकीट काढून येतं. आपण भोपाळात असं काय वाढवलं?

आणि लतादीदी? जन्म इंदूरचा, आपल्याच. १९६३च्या जानेवारीत दिल्लीत नेहरूंसमोर त्यांनी 'ऐ मेरे वतन के लोगों' म्हटलं ते हजारोंच्या गर्दीत. गाणं लिहिणारे कवी प्रदीप उज्जैनजवळच्या बडनगरचे, चाल लावणारे सी. रामचंद्र पुणतांब्याचे. दोन आपल्याकडचे आणि एक खास महाराष्ट्रातला. संथ गाणं, ढोल नाही, ताशा नाही, तरी मैदान जिंकलं. पण अशी गाणी शंभर वर्षांत किती होतात? आणि दीदीही गेल्या.

मराठी माणूस मैदानं भरत नाही असं मुळीच नाही. 'जाणता राजा'ला लोटतो, हत्ती-घोडे बघायला लहान पोरांना खांद्यावर घेऊन जातो. सगळ्यात मोठी मैफल तर आळंदीहून पंढरपूरला चालत जाते. तिला ना स्टेज, ना तिकीट. लाखो माणसं तेच अभंग म्हणतात, कारण ते सगळ्यांना पाठ आहेत. म्हणून माझं मत साधं आहे. मैदान भरायचं तर पाठ असलेली गाणी लागतात. आज भोपाळातल्या वीस वर्षांच्या मराठी पोराला मराठीतलं काय पाठ आहे? प्रामाणिकपणे सांगा. दोन-तीन आरत्या, अर्ध्या. आणि अजय-अतुल, पूर्ण.

त्यांना नाकं मुरडणाऱ्यांसाठी सांगते. 'जोगवा'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. 'सैराट' २०१६ला आला आणि शंभर कोटींच्या पलीकडे गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. इथल्या लग्नांत डीजेवाला मराठी असो नाहीतर भोपाळी, 'झिंगाट' लागतंच, आणि आपल्या पोरांइतकेच शेजारचे खान आणि तिवारीही नाचतात. माझ्या आयुष्यात भोपाळच्या रस्त्यावर मराठी गाणं मोठ्याने ऐकू आलं ते त्या वर्षी पहिल्यांदा.

आता थोडं जुनं. बाबा नागपूरचे. १९५६च्या नोव्हेंबरात नवं मध्य प्रदेश झालं, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली किती तरी कुटुंबं फाइलींसकट इकडे आली. कोणी ग्वाल्हेरहून, कोणी इंदूरहून, पुढे भेलमुळे आणखी. आम्ही टीटी नगरच्या क्वार्टरमध्ये. टीटी म्हणजे तात्या टोपे, येवल्याचे, शिवपुरीला फाशी गेलेले. एक मराठी नाव इंग्रजीच्या दोन अक्षरांत असं बसलं की आमच्या नातवाला ते कॉलेजात गेल्यावर कळलं.

त्या क्वार्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत गणपती बसायचा. सतरंज्या घरोघरच्या, पेटी एका काकांची, तबला शेजारच्या ब्लॉकमधला. गीत रामायण व्हायचं. गाणारे काका बेसूर होते, हे आज लिहायला हरकत नाही. पण पुढच्या ओळी बायका सतरंजीवरूनच म्हणायच्या, भाजी निवडता निवडता सुद्धा. पुण्याच्या आकाशवाणीवर १९५५-५६त झालेली ती छप्पन गाणी, आणि आमच्या आईला त्यातली निम्मी तरी येत होती. आम्ही पोरं ती शिकलो ती कुणी शिकवली म्हणून नाही, कानावर आदळत होती म्हणून.

मग हळूहळू खुर्च्या आल्या. मग सभागृह. मग बाहेरून कलाकार आणि पुढच्या रांगेत पाहुणे. आपण म्हणणारे होतो, ऐकणारे झालो. मागच्या वर्षीच्या नाट्यसंगीताच्या संध्याकाळी तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. मी मोजली, माणसं सत्तरच्या आत, आणि पन्नाशीच्या खालचं कोणी असेल तर साउंडवाला. गायिका सुरेख गात होती हो. बिचारीला किती वाईट वाटलं असेल.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याला हिंदीत मार्क कमी पडतात म्हणून आम्ही घरात हिंदी सुरू केली. दोनच वर्षांसाठी, असं ठरवलं होतं. तो आता पंचेचाळिशीचा आहे. मराठी सगळी कळते, बोलताना "मी जाऊन राहिलो" म्हणतो आणि तिसऱ्या वाक्याला हिंदीवर येतो. त्याचा मुलगा म्हणजे हा नातू. याच्याशी मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. आणि हाच मुलगा 'माउली माउली' पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत म्हणतो. मध्ये थांबून विचारतो, आजी, इसका मतलब क्या? माझं त्याच्याशी सगळ्यात जास्त मराठी बोलणं या एका गाण्यावरून झालंय.

तर आता सभेचं. पोरांचा प्रस्ताव काय होता? दहा दिवसांतली एक संध्याकाळ शाळेच्या मैदानावर करायची. आपल्याच शहरातली वाजवणारी मुलं, आपलेच गायक, अजय-अतुलची गाणी, आणि मंडळाचे सभासद नसलेल्यांनाही आत सोडायचं. खुद्द अजय-अतुलना बोलवा असं कोणी म्हटलं नव्हतं; तो खर्च आपल्याला या जन्मी झेपायचा नाही. तरी गदारोळ. "गणपतीपुढे झिंगाट?" "मंडळाची पातळी?" "बाहेरचे लोक येतील, कचरा करतील."

झिंगाट गणपतीपुढे मलाही नको, ते विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजेलच. पण 'मोरया मोरया' आहे, 'जीव रंगला' आहे, 'माउली' आहे. आणि बाहेरचे लोक येतील ही तक्रार मला कळलीच नाही. सत्तर वर्षं आपण या शहरात राहतो, आपलं मराठी ऐकायला बाहेरचं कोणी आलं तर आनंद व्हायला हवा. कचऱ्याचं म्हणाल तर डबे ठेवू.

नाट्यसंगीताची संध्याकाळ रद्द करा असंही मी म्हणत नाही. ती छोट्या खोलीत ठेवा, सतरंजीवर, सत्तर माणसांत. तिथे ती भरलेली वाटेल आणि गाणाऱ्याला समोरच्याचे डोळे दिसतील. मोठ्या सभागृहाचं भाडं वाचेल ते मैदानाच्या साउंडला लावा. माझ्या मते दोन्ही कार्यक्रमांची जागा आजवर उलटी होती, बाकी काही नाही.

माझी एकच अट आहे. गाण्यांचे शब्द छापून प्रत्येकाच्या हातात द्यायचे, देवनागरीत, मोठ्या टाइपात. अवघड शब्दांचा अर्थ खाली. मैदानात दिवे असू द्या म्हणजे वाचता येतील. हा छपाईचा खर्च माझा, पेन्शनमधून. 'माउली'तल्या शब्दांचे अर्थ मी लिहून ठेवलेत, नातवाने विचारले तसे. बाकीच्या गाण्यांचे लिहायला मदत हवी आहे, माझा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अजून पाण्याने भरतो.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे, सहा वाजता. मी हात वर करणार आहे. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी ती माळ्यावरून काढून भाता तपासून ठेवा, आमच्या पेटीचा फाटलाय.