संताप आणि गुस्सा

रागावायला मराठीत शब्दांची कमतरता नाही. राग येतो, चीड येते, डोक्यात तिडीक जाते, कुणी त्रागा करतं, कुणी थयथयाट. पण या सगळ्यांत वरचा नंबर संतापाचा, असं माझं मत.

शब्द फोडला तर अगदी सरळ आहे. 'तप्' म्हणजे तापणं, त्याला 'सम्' लागला की पुरतं तापणं. संस्कृतात संताप म्हणजे उष्णता, होरपळ आणि दुःखसुद्धा. हिंदीत अजूनही तो दुःखाकडेच झुकतो. तिकडच्या श्रद्धांजलीत 'शोक संतप्त परिवार' वाचला की मराठी माणूस दचकतो... घरच्यांना राग कशाचा आला बुवा? आपल्याकडे तो जुना अर्थ 'मनस्ताप' आणि 'त्रिविध ताप' यांत टिकून आहे. एकट्या संतापाने मात्र घर बदललं.

आमच्या पडेगावात मराठीच्या जोडीला दखनी कानावर पडते. तिथला शब्द 'गुस्सा'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घशात अडकलेला घास. फारसीत त्याचं दुःख झालं आणि उर्दू-हिंदीत राग! म्हणजे दोन वेगळ्या कुळांतले शब्द, पण दोघेही दुःखाकडून रागाकडेच आले. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

२०१८ चं कचऱ्याचं प्रकरण आठवा. फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मार्चमध्ये कचरा आमच्या शेजारच्या मिटमिट्याकडे वळला, तेव्हा दगडफेक झाली, जाळपोळ झाली. अशा वेळी 'नागरिकांचा संताप' हे दोन शब्द ठरलेलेच. जाळपोळीचं समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. पण नारेगावकरांनी वर्षानुवर्षं नाक दाबून काढली, तो ताप होता. तेव्हा त्याची बातमी क्वचितच झाली. गाड्या अडल्या आणि मगच तो सगळ्यांना दिसला, तोही 'सम्' लागल्यावर.

म्हणून वाटतं, कुणी संतापलेलं दिसलं की 'शांत व्हा' म्हणण्याआधी 'ताप कशाचा आहे?' एवढं विचारावं. घरातसुद्धा. उत्तर बहुतेक वेळा त्या शब्दाच्या पोटातच असतं, आणि घशात अडकलेला घास ओरडून खाली उतरवता येत नाही.

असो. तुमच्या भागात रागाला आणखी काय म्हणतात, जरूर कळवा.