सल्ल्याची साखळी दुकानापर्यंत
२००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्राने ‘क्रॉपसॅप’ हा संगणकाधारित कीड-सर्वेक्षण प्रकल्प उभारला. शेतातील नोंद सल्ल्यापर्यंत पोहोचू लागली. परंतु कीटकनाशक मिळते ते दुकानात. म्हणूनच भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये भातउत्पादकांना औषधे विकणाऱ्या छोट्या दुकानदारानेही गल्ल्याचा आणि गोदामाचा संगणक एका जाळ्यात जोडावा, असे माझे मत आहे. साठ्याबरोबर मुदतही नोंदवली, तर कालबाह्य डबा विक्रीपूर्वीच ओळखता येतो. राउटर, स्विच आणि केबल एवढे पुरे. तांब्याची केबल मात्र १०० मीटरपेक्षा लांब नसावी. नोंदींची प्रत रोज अन्यत्र जपावी. विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीच्या शिफारशीसोबत हेही सांगावे; वाया गेलेल्या फवारणीची किंमत अखेर शेतकरीच मोजतो.