‘फ्लॅक’ची ‘वेव्ह’ करताना आवाज टिकतो, नाव हरवते

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या दुकानांत एकेकाळी पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग असत. त्या कॅसेट आज विदर्भातल्या अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात पडून आहेत. सोबतीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या, गावच्या दंडारीच्या, झाडीपट्टीतल्या नाटकांच्या टेप. घरातली तरुण मंडळी त्या संगणकावर उतरवून घेतात आणि जाणकाराचे ऐकून ‘फ्लॅक’ स्वरूपात साठवतात. पुढे कोणाला तीच फाइल संपादनासाठी किंवा मंडपात वाजवायला हवी असते, तेव्हा निरोप येतो: ‘वेव्ह’ करून पाठवा. मग शंका सुरू होतात. आवाज बिघडेल का? की उलट सुधारेल?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

आकडे तेच, घडी वेगळी

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सीडीच्या दर्जात प्रत्येक सेकंदाला डाव्या-उजव्या बाजूचे प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. ‘वेव्ह’ ही मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये आणलेली फाइल सहसा हे आकडे जसेच्या तसे मांडून ठेवते. म्हणून ती जागा खाते. मिनिटाला साडेदहा एमबी. म्हणजे ९० मिनिटांच्या एका कॅसेटला सुमारे ९५० एमबी.

‘फ्लॅक’ २००१ मध्ये आले. त्याची युक्ती नागपूरकरांना मे महिन्यात सहज कळेल. रोजचे तापमान ४४, ४५, ४५, ४४ असे पूर्ण लिहिण्याऐवजी पहिला ४४ लिहायचा आणि पुढे ‘एक चढला, तोच, एक उतरला’ एवढेच नोंदवायचे. फ्लॅक मागच्या आकड्यांवरून पुढचा ताडते आणि चुकलेला फरक तेवढा साठवते. जागा बरेचदा निम्म्याच्या आसपास येते आणि उलगडल्यावर प्रत्येक आकडा पुन्हा तोच मिळतो. अंथरुणाची वळकटी बांधावी, तसे. ‘एमपीथ्री’चे तसे नाही, तिथे गोधडी पेटीत बसत नाही म्हणून तिच्या कडा कापून टाकलेल्या असतात.

त्यामुळे फ्लॅकची वेव्ह करणे म्हणजे वळकटी सोडणे. आवाज कणभरही सुधारत नाही, फाइल फुगते. आणि एमपीथ्रीची वेव्ह केली तर कापलेल्या कडा परत येत नाहीत. फाइल मात्र मोठी आणि नावाला ‘वेव्ह’ दिसते. स्पर्धांच्या, संग्रहांच्या नियमावलीत ‘फक्त वेव्ह स्वीकारू’ असे लिहून दर्जाची हमी मिळवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. मूळ टेप कोणती आणि ती कशी उतरवली, हे विचारणे जास्त उपयोगाचे.

मग नुकसान कुठे होते?

पहिले नुकसान सेटिंगमध्ये होते. टेप उतरवताना अनेक जण २४ बिटचा दर्जा ठेवतात. पण ‘एफएफएमपेग’ या लोकप्रिय मोफत साधनाला वेगळे सांगितले नाही, तर ते वेव्ह करताना १६ बिटवर येते. कोणताही इशारा न देता. ऑडॅसिटीतही निर्यात करताना बिटचा रकाना तपासूनच पुढे जावे. नमुन्यांचा दर आणि बिट हे दोन्ही मूळ फाइलप्रमाणेच राहिले पाहिजेत.

दुसरी अडचण लांबीची. वेव्हच्या जुन्या रचनेत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ दर्जाचे ध्वनिमुद्रण दोन तास चार मिनिटांत ती गाठते. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते! फ्लॅकमध्ये सुखाने मावलेले नाटक वेव्ह करताना अर्ध्यावर तुटू शकते. अशा वेळी अंकांप्रमाणे भाग पाडावेत किंवा ‘आरएफ६४’ हा वेव्हचा मोठा अवतार वापरावा.

खरी हानी मात्र नावांची होते. फ्लॅक फाइलच्या पोटात गायक, गीतकार, गाव, वर्ष अशी माहिती मराठीतही लिहिता येते. साध्या वेव्हमध्ये अशा नोंदींची सोय तोकडी आहे आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती वाचेलच असे नाही. रूपांतरात त्या बऱ्याचदा गळतात. सिनेगीताचे नाव गळले तर फोन ते ऐकून शोधून देतो. पण वामनदादा कर्डकांचे (१९२२-२००४) एखादे गीत कितीतरी गायन पार्ट्यांनी आपापल्या चालीत गायलेले असते. कॅसेटवरच्या कागदावर पार्टीचे आणि पेटीवाल्याचे नाव होते. फाइलवर ‘ट्रॅक ०३’ उरते. ऐकणाऱ्याला गीत कळते, गाणारा कोण ते कळायची वाट बंद होते. ज्यांची नावे मुळात कुठे छापून आली नाहीत, त्यांची ही शेवटची नोंद असू शकते.

आणखी एक गोष्ट गळते. फ्लॅक फाइल आपल्या मूळ आकड्यांचा एक ठसा स्वतःजवळ बाळगते. दहा वर्षांनी हार्डडिस्क कुरकुरू लागली, तर त्या ठशाशी ताडून फाइल शाबूत आहे का ते तपासता येते. साधी वेव्ह मुकी असते. बिघाड झाला तरी सांगत नाही.

तरीही जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची पसंती वेव्हलाच आहे, हे खरे. तिची रचना इतकी साधी आहे की पन्नास वर्षांनीही उलगडता येईल, आणि एखादा बिट बिघडला तर एखादी टिचकी ऐकू येईल इतकेच. फ्लॅकमध्ये तोच बिघाड सेकंदाचा दहावा हिस्सा गिळू शकतो. पण ही संग्रहालये साधी वेव्ह वापरत नाहीत. युरोपीय प्रक्षेपण संघटनेने १९९७ मध्ये ठरवलेली ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ त्यांच्याकडे असते, जिच्यात वर्णन, तारीख आणि निर्मात्याच्या नोंदीला जागा आहे. शिवाय सूची लिहायला माणसे असतात. घरच्या कपाटापाशी ती नसतात. फ्लॅकलाही डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानक संस्थेने अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध केले आहे. त्यामुळे हे स्वरूप उद्या बंद पडेल, ही भीती आता फारशी उरलेली नाही.

घरी काय करावे?

फक्त ऐकायचे असेल तर काहीच नाही. आजचे अँड्रॉइड फोन, आयफोन आणि विंडोज संगणक फ्लॅक वाजवतात. ब्लूटूथच्या स्पीकरला तर वेव्ह असो की फ्लॅक, आवाज बहुधा पुन्हा कापूनच पोहोचतो. संपादकाला किंवा साउंडवाल्याला वेव्हच हवी असेल तेव्हा ती करून द्यावी आणि काम झाल्यावर खुशाल पुसावी. फ्लॅक मात्र पुसू नये. ती दोन ठिकाणी ठेवावी. घरच्या टेप अनोळखी संकेतस्थळावर चढवून रूपांतर करून घेण्याची गरज नाही. संगणकावरची मोफत साधने पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडावी.

नावांसाठी आकाशवाणीची रीत कामाला येते. नागपूर केंद्र १९४८ पासून सुरू आहे आणि गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार सांगण्याची निवेदकांची सवय श्रोत्यांच्या कानात बसली आहे. कॅसेटवरचा कागद समोर ठेवून तीच माहिती घरातल्या कोणीतरी स्वतःच्या आवाजात वाचावी आणि दुसऱ्याला द्यायच्या प्रतीच्या सुरुवातीला जोडावी. मूळ फाइलला हात लावू नये. बोललेले नाव हाही आवाजच असल्याने ते वेव्हमध्ये टिकते, एमपीथ्रीमध्येही टिकते. वाचायला घरातली जी व्यक्ती त्या गायन पार्टीला ओळखत होती, ती मिळाली तर अधिक चांगले.